सुपाला बंदी नव्हती

यशवंत भाऊजी गेल्याची बातमी आली तेव्हा मी सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, तांदूळ पाखडत बसले होते. माझा मुलगा दवाखान्यातून आला, चपला न काढताच दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "आई, काका गेले." मी "हो" म्हटलं. सुपात अजून अर्धे तांदूळ होते. ते तसेच ठेवून उठावं की आधी पाखडून घ्यावेत, हे मला समजेना. मी पाखडून घेतले. मुलगा तिथेच उभा राहून माझ्याकडे बघत होता. त्याला ते विचित्र वाटलं असेल. पण ज्या माणसाची बातमी तो घेऊन आला होता त्या माणसासाठी मी आयुष्यात जर काही केलं असेल तर ते हेच, सूप हलवणं… आणि हे त्याला एका वाक्यात सांगता येण्यासारखं नव्हतं.

त्याला आता दीड महिना होत आला. रविवारच्या पुरवणीत गेलेल्या माणसांबद्दल लिहून येतं. मी चौथीपर्यंतच शिकले, पण पेपर रोज वाचते आणि ते लेख तर दोनदा वाचते. त्यांत गवई असतात, पुढारी असतात, कॉलेजचे प्रोफेसर असतात. यशवंत भाऊजींवर कोणी लिहिणार नाही. ते माझे धाकटे दीर. रेल्वेच्या शेडमध्ये खलाशी म्हणून लागले आणि फिटर झाले. वस्तीत त्यांची ओळख एवढीच, की सरळ माणूस, कमी बोलणारा, लग्न नाही केलं. हाच माणूस एके काळी रेल्वे कॉलनीतल्या नाचाच्या हॉलमध्ये रॉकनरोलच्या पार्टीत ड्रम वाजवत होता आणि त्याच्या ठोक्यावर इंजिन ड्रायव्हर, गार्ड, त्यांच्या मेमसाहेब सगळे नाचत होते, हे मयतीला आलेल्या बाहेरच्या लोकांपैकी कोणालाही ठाऊक नव्हतं. मुलांच्या कानांवर अर्धंमुर्धं पडलं होतं, पण पुरतं ठाऊक होतं ते आम्हां दोघांना. आता मला एकटीला. म्हणून लिहिते आहे. दाखवायची हिंमत होईल असं वाटत नाही.

मी लग्न होऊन नागपुरात आले ती साठ-एकसष्ट सालची गोष्ट. माझं माहेर कुहीकडचं, धानाच्या बांध्यांतलं. इथे मातीच्या भिंतींच्या दोन खोल्या आणि पुढे सपरी. सासूबाई आधीच गेल्या होत्या. माझे मालक मिलमध्ये पाळीवर जायचे, भाऊजी शेडमध्ये, आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, दिवसभर सपरीत बसून विड्या वळायचे. त्यांची बोटं इतकी चपळ होती की पान कधी कापलं, तंबाखू कधी भरली, दोरा कधी बांधला, कळायचं नाही. मला वाटायचं, जन्मभर हेच काम केलं असेल. मग मालकांनी एकदा सांगितलं की ती बोटं विडीची नव्हेत.

मामाजी गावाकडे डफडं वाजवायचे. आसपासच्या गावांतही त्यांचं नाव होतं. नाव होतं, मान नव्हता. कोणाच्याही घरचं लग्न असो, मांडवाबाहेर उन्हात उभं राहून वाजवायचं, वरात आली की वेशीपासून तिच्यापुढे चालत वाजवायचं, आणि सगळ्यांच्या पंगती उठल्या की मागच्या बाजूला जाऊन बसायचं. छप्पन साली दीक्षा घेऊन ते घरी आले आणि त्याच संध्याकाळी त्यांनी डफडं चुलीत घातलं. भाऊजी सांगायचे, कातडं जळाल्याचा वास घरात कितीतरी दिवस होता. मालक म्हणायचे, काही वास नव्हता, यशवंताच्याच नाकात तो बसला आहे. ते काही असो, त्या दिवसापासून मामाजींनी नियम केला की या घराचा हात पुन्हा कोणाच्या दारात वाजणार नाही. आणि दारातच काय, घरातही वाजणार नाही. जेवताना ताटावर कोणाचं बोट दोनदा पडलं तरी मामाजी मान वर करून बघायचे. बोलायचे नाहीत, नुसते बघायचे, आणि बोट थांबायचं. अशा घरात भाऊजी राहत होते, ज्यांचं बोट झोपेतही स्थिर नसायचं.

हे सगळं मला कळलं ते त्यांच्या हातांवरून. भाऊजी आठवड्यातून दोन संध्याकाळी ओव्हरटाइम आहे म्हणून उशिरा यायचे. जेवायला बसले की तळहातावर, अंगठ्याच्या बाजूला फोड दिसायचे. मालकांच्या हातालाही घट्टे होते, माझ्या वडिलांच्या हाताला नांगराचे होते, पण हे फोड वेगळ्याच जागी होते. विचारायची माझी छाती नव्हती. मी खोबरेल तेलाची वाटी त्यांच्या ताटाशेजारी ठेवत गेले. तीन-चार वेळा ठेवल्यावर एक दिवस मामाजी बाहेर गेलेले पाहून ते आपणच म्हणाले, "वैनी, कोणाले सांगू नका. मी वाजवून राह्यलो."

मग त्यांनी सांगितलं. रेल्वे कॉलनीतल्या हॉलमध्ये खुर्च्या मांडायला शेडमधली माणसं न्यायचे, त्यांत हे जायचे. तिथे रॉनी नावाचा एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरचा मुलगा होता, गोरा, केसांचा पुढे कोंबडा काढलेला. त्याची गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरांची पार्टी होती. ही पोरं रेडिओवर परदेशातलं स्टेशन लावून कान देऊन बसायची आणि ऐकलेलं गाणं तिथल्या तिथे बसवायची. गिटारी विजेवर चालणाऱ्या, आणि त्यांची आवाजाची पेटी एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून बनवून घेतलेली, तिच्यातून गाण्याच्या आधी आणि नंतरही घूं घूं आवाज यायचा. त्यांचा ड्रम वाजवणारा विलायतेला निघून गेला. भाऊजी ड्रम मांडून देता देता हळूच दोन ठोके मारून बघायचे, ते रॉनीने ऐकलं. नाव विचारलं, जात नाही विचारली. स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाला, बैठ. "बैठ म्हणाला न वैनी," भाऊजी मला सांगत होते, "माह्या बापाले जिंदगीत कोणी वाजवताना बैठ म्हटलं नाही."

पण त्यांची एक अडचण होती. घरी सराव कसा करायचा? त्यांनी माझ्याकडून एक जुनी जाड गोधडी मागून घेतली, तिची चौघडी घालून मांडीपुढे ठेवायचे आणि रॉनीने दिलेल्या दोन काड्यांनी तिच्यावर वाजवायचे. आवाज शून्य. मामाजी विहिरीवर किंवा कोणाकडे बसायला गेले की हे सुरू व्हायचं. दुसरी अडचण ठोक्याची. "आपल्यात पहिल्या ठोक्यावर जोर असते, वैनी. यांच्यात दुसऱ्यावर अन् चौथ्यावर. पहिला नुसता पाय टेकल्यावानी. मले डोक्यात समजते, हातात बसून नाही राह्यलं." मी तेव्हा तांदूळ पाखडत होते. मी सूप जरा वेगळ्या रीतीने हलवायला लागले. वर उडवताना हलकं, खाली झेलून झटका देताना जोर. हलकं, जोर, हलकं, जोर. बायका लहानपणापासून हेच करतात, कोणी मोजत नाही एवढंच. भाऊजी काड्या हातात धरून ऐकत राहिले आणि मग माझ्या सुपासोबत गोधडीवर वाजवायला लागले. ते तसे किती वेळ वाजवत होते कोण जाणे. त्या दिवसापासून तो रिवाज पडला. संध्याकाळी मी सूप घेऊन बसायचे आणि ते गोधडी घेऊन. मामाजी घरात असले तरी चालायचं, कारण गोधडी बोलत नव्हती आणि सुपाला बंदी नव्हती. आठ-दहा दिवसांनी मामाजींनी विडीवरून नजर न काढता मला विचारलं, "काय वं पोरी, दुकानदाराच्या तांदळात इतके खडे काहून निघून राह्यले?" मी पदर पुढे ओढून घेतला. त्यांना काय समजलं होतं, काय नाही, ते त्यांनाच ठाऊक.

पहिल्या प्रोग्रामला भाऊजींनी घोटाळा केला. तो घोटाळा आमच्याच घरचा माणूस करू शकला असता. वरातीत वाजवणाऱ्याची नजर नाचणाऱ्यांच्या पायांवर असते. पाय तापले की ठोका वाढवायचा, आणि नवरदेव मांडवात पोचेपर्यंत थांबायचं नाही. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, लहानपणी बापामागे चालताना अंगात शिरलं होतं. हॉलमध्ये जोड्या नाचायला लागल्या तसे भाऊजी त्यांचे पाय बघून वाढवत गेले. गाणं पळायला लागलं, गिटारवाले मागे पडले, रॉनी वळून वळून डोळे वटारत होता. त्यात भाऊजींच्या पायात मागून आणलेले मोठे बूट. मोठ्या ड्रमची पायपट्टी जोरात दाबताना एक बूट निसटला आणि थेट नाचणाऱ्यांमध्ये जाऊन पडला. शेवटी गाणं संपलं, सगळे थांबले, आणि हे एका पायात बूट नसताना एकटेच वाजवत राहिले. रॉनी म्हणाला, "गाना खतम हो गया, मैन. किसके लिए बजा रहा है?" आणि भाऊजींच्या तोंडून निघून गेलं, "साब, दूल्हा अभी पहुँचा नहीं." सगळा हॉल हसला. रॉनी पण हसला. त्याने नंतर रागावून सांगितलं की गाण्यात पळायचं नाही. पण प्रत्येक प्रोग्रामच्या शेवटच्या गाण्यानंतर तो स्वतः बाजूला व्हायचा आणि भाऊजींना एकट्याला वाजवू द्यायचा, म्हणायचा, चल, दूल्हे को पहुँचा दे. लोक त्याची वाट बघायला लागले.

मला हे सगळं ऐकूनच माहीत. मी हॉलच्या आत कधी गेले नाही. पण भाऊजींना माझ्या जाण्याचं काही नव्हतं. त्यांना एकच माणूस यायला हवा होता. एकदा ते मला म्हणाले, "बापानं एकदा पाहावं, वैनी. मी कुठं बसून वाजवून राह्यलो ते. मंग मारलं तरी चालते." स्वतः सांगायची त्यांची हिंमत नव्हती, मालक म्हणायचे मी या भानगडीत पडत नाही. नाताळच्या सुमारास हॉलचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून त्या वर्षी मोठा प्रोग्राम बाहेर मैदानावर होता. त्या दिवशी दुपारी मी मामाजींना चहा नेऊन दिला आणि कप ठेवून तिथेच उभी राहिले. सासऱ्यासमोर तोंड उघडायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि पद्धत असती तरी माझ्याच्याने झालं नसतं. मी भिंतीकडे बघून बोलले. म्हटलं, "मामाजी, भाऊजी कोणाच्या दारात नाही वाजवत. स्टुलावर बसून वाजवतात. बाकीचे उभे राहतात. आज रात्री मैदानावर आहे." मामाजींनी हातातली विडी पूर्ण वळली, दोरा बांधला, टोपलीत टाकली. मी आत पळाले. गरज नसताना चुलीत लाकडं सारत बसले.

संध्याकाळी ते धुतलेलं धोतर नेसून, काळी टोपी घालून दाराशी आले. म्हणाले, "चाल वं पोरी. तुले रस्ता माहीत आहे का?" मला नव्हता. त्यांनाही नव्हता. आम्ही रुळांच्या दिशेने चालत गेलो, ते पुढे, मी मागे, आणि मग आवाज यायला लागला तसे आवाजामागे गेलो.

मैदानाला बांबूचं कुंपण घातलं होतं. भाऊजींनी नुसत्या आशेवर आत दोन खुर्च्या सांगून ठेवल्या होत्या, पण मामाजी आत आले नाहीत. "इथूनच," म्हणाले. कुंपणाबाहेर आया होत्या, रिक्षावाले होते, भजीवाला होता. त्यांच्यात आम्ही उभे राहिलो. लांब उजेडात फळ्यांचा उंच स्टेज, त्यावर चार पोरं, आणि सगळ्यांच्या मागे, सगळ्यांच्या वर, भाऊजी बसलेले. पांढरा शर्ट मी सकाळी इस्त्री केलेला. रॉनी गुडघे वाकवून गिटार वाजवत होता, त्याचा कोट वांगी रंगाचा होता. गाण्यातलं मला एक अक्षर कळलं नाही, पण दुसरा आणि चौथा ठोका आला की माझा उजवा हात आपोआप झटका द्यायला बघायचा. मामाजींचा चेहरा मी बघू शकत नव्हते, मी त्यांच्या मागे एका बाजूला होते. ते नुसते उभे होते, दोन्ही हात कुंपणाच्या बांबूवर ठेवून.

आणि मग लाइट गेली. एकदम सगळं काळं. गिटारी मेल्या, माइक मेला, घूं घूं करणारी पेटी मेली. गाणारा दोन शब्द तसाच ओरडला आणि थांबला. बायका ओरडल्या. फक्त ड्रम थांबला नाही. वरातीतली गॅसबत्ती विझली म्हणून वाजवणारा थांबतो का? भाऊजी त्या अंधारात एकटे वाजवत राहिले, आधी सावकाश, जसं अंधारात कोणाला हाताला धरून नेतात तसं, आणि मग वाढवत. थोड्या वेळाने जमिनीवर पायांचा आवाज यायला लागला. लोक अंधारातच नाचायला लागले होते. मी घाबरून पुढे झाले आणि कुंपणाचा बांबू धरला. त्या बांबूत काहीतरी हालत होतं… मला आधी वाटलं लांबचा ड्रमच जाणवतो आहे. पण तो ठोका ड्रमचा नव्हता. तो माझ्या शेजारून येत होता, मामाजींच्या हाताखालून.

लाइट आली तेव्हा त्यांचे हात बांबूवर होते, पण स्थिर. परत येताना ते पुढे पुढे चालत राहिले. घराच्या वळणावर थांबून, माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाले, "लाइट गेली तरी थांबला नाही." भाऊजी आले तेव्हा ते झोपले होते, निदान पाठ करून पडले होते. दुसऱ्या दिवशीही काही बोलले नाहीत, तिसऱ्याही नाही. नियम तसाच राहिला, गोधडी तशीच राहिली. पुढच्या वर्षी मामाजी वारले. लेकाने विचारलं नाही आणि बापाने सांगितलं नाही. जे काही होतं ते माझ्याजवळ होतं, आणि मी ते भाऊजींना दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं होतं, की तुमचे वडील आले होते, असं असं म्हणाले, आणि त्यांची बोटं हालत होती. भाऊजी तसेच शेडमध्ये गेले. जाताना डबा विसरून गेले.

रॉनी आणि त्याच्या घरचे तीन-चार वर्षांत ऑस्ट्रेलियाला गेले. एकामागून एक कॉलनीतली सगळीच गेली. ड्रम कोणी विकत घेतला माहीत नाही. भाऊजींकडे त्या दोन काड्या राहिल्या. लग्नाच्या बँडवाल्यांनी त्यांना कितीदा बोलावलं, लाल कोट देतो म्हणाले, पण भाऊजी गेले नाहीत. म्हणायचे, बापानं जे चुलीत टाकलं ते मी गळ्यात घालू का? मुली सांगून आल्या, तेव्हा काहीतरी कारण काढायचे. हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं. सपरीत त्यांची खाट होती, तीच त्यांची खोली.

पण आमचा प्रोग्राम चालू राहिला. वीस वर्षं म्हटलं तरी चालेल. संध्याकाळी मी सूप घेऊन बसले की भाऊजी शेडमधून येऊन, हातपाय धुऊन खाटेवर बसायचे आणि म्हणायचे, "लावायचा का वैनी प्रोग्राम?" मग ती मैदानावरची संध्याकाळ सुरुवातीपासून. स्टेजवरचं ते सांगायचे, कारण ते मी लांबूनच पाहिलं होतं. कुंपणाचं मी सांगायचे, कारण ते त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांवर लाइट होता, त्यांना कुंपणाकडे नुसता काळोख दिसला होता. ते म्हणायचे, रॉनीचा कोट मरून रंगाचा होता. मी म्हणायचे, वांगी. ते म्हणायचे, "मी त्याच्या पाठीमागं बसून होतो न वैनी, तुमी कुठं अर्ध्या मैलावर." मी म्हणायचे, पाठीमागून कोटाचं अस्तर दिसतं, कोट समोरून बघायचा असतो. माझे मालक असेपर्यंत आतून ओरडायचे, "दोघंही येडे आहेत गा, त्या साहेबाचा कोट आता झिजून पायपुसणं झाला असन." मुलं कंटाळून उठून जायची. आणि प्रोग्राम लाइट जाण्यापर्यंत आला की भाऊजी गप्प व्हायचे आणि माझ्याकडे बघायचे. मग मी सांगायचे. मामाजींचे हात बांबूवर होते. बोटं हालत होती. आणि वळणावर म्हणाले की लाइट गेली तरी थांबला नाही. भाऊजी दर वेळी विचारायचे, "कसं म्हणाला? रागानं?" मी म्हणायचे, रागाने नाही. "मंग कसं?" मला सांगता यायचं नाही. मालक गेल्यावर घरात बोलायला आम्हीच दोघं उरलो, आणि बोलणंही बहुतेक हेच.

या वर्षी त्यांना छातीचं दुखणं लागलं. दवाखान्यात ठेवलं तेव्हाच मला समजलं होतं. भेटायच्या वेळेला मी रोज पेज घेऊन जायचे. एके दिवशी दोन घोट पेज घेऊन त्यांनी वाटी बाजूला केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैनी, एक इचारू? खरं सांगसाल?" मी मान हलवली. म्हणाले, "लाइट गेली होती न? अंधार होता. मंग बापाची बोटं तुमाले दिसली कशी?"

मी वाटीवर झाकण ठेवलं. ते म्हणाले, "मी कितीक वर्षांपासून इचारीन म्हणतो. माह्या जिवाले बरं वाटावं म्हणून सांगितलं असन तं तसं सांगा. मी रागावत नाही."

इतकी वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून प्रोग्राम लावत होता आणि मनात हे घेऊन बसला होता. मी म्हटलं, "दिसली नाहीत भाऊजी. बांबूत समजली." त्यांना कळलं नाही. माझ्या बोलण्यात ते येईना. खाटेला लोखंडी कठडा होता. मी त्यांना म्हटलं, यावर हात ठेवा. त्यांनी ठेवला. मी दुसऱ्या टोकाला, हाताला हात लागणार नाही इतकं लांब, कठड्यावर बोटं ठेवली आणि त्या संध्याकाळी माझ्या हाताखाली जे आलं होतं ते वाजवलं. तीन बारीक, एक जड, मग जरा थांबणं, उंबऱ्याशी कोणी पाय घोटाळावा तसं, आणि मग पुन्हा तीन बारीक. मी आयुष्यात कशावर वाजवलं नव्हतं. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक बघत होते. मी मान खाली घातली, पण बोटं थांबवली नाहीत.

भाऊजींनी डोळे मिटले. मग म्हणाले, "हे वेशीवरचं आहे. वरात गावात शिरून राह्यली की वाजवतात. हे तुमाले कोणी शिकवलं?"

"कोणी नाही."

"मी तं हे कधी वाजवलं नाही."

"नाही."

मग त्यांचं बोट कठड्यावर हाललं. हलकं, जोर, हलकं, जोर… आमचं जुनंच, सुपाचं. आणि ते माझ्या ठोक्याच्या थांबण्यात असं जाऊन बसलं, जशी कोयंड्यात कडी बसते. भाऊजी डोळे न उघडता म्हणाले, "म्हणजे बाप माह्यासंग वाजवून राह्यला होता."

भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली. मी बोटं उचलली. त्यांनी नाही उचलली. मी म्हटलं, "भाऊजी, झालं आता, गाणं संपलं." त्यांच्या तोंडावर हसू आलं. म्हणाले, "नवरदेव कुठं पोचला अजून." मी वाटी धुऊन पिशवीत ठेवली, दारापर्यंत गेले आणि वळून पाहिलं. बोट चालू होतं. त्यानंतर दोन-तीनदा गेले, पण ते झोपेतच असायचे. त्यांच्याशी बोलणं झालं ते तेवढंच शेवटचं.

सपरीतली खाट मुलाने आत नेली, तिथे आता त्याची स्कूटर उभी असते. गोधडी मी ठेवून घेतली आहे. तिची चौघडी घातली की वरच्या पदरावर शेजारी शेजारी दोन जागा विरलेल्या दिसतात, आतला माझ्या जुन्या लुगड्याचा हिरवा तुकडा बाहेर आला आहे. सून म्हणाली, ठिगळ लावून देते. मी नको म्हटलं. संध्याकाळी मी मनातल्या मनात प्रोग्राम लावून बघते. कुंपणाचं मला माहीतच आहे, आणि स्टेजवरचंही इतक्यांदा ऐकलं आहे की तेही पाठ आहे. म्हणजे सगळा प्रोग्राम माझ्याजवळ आहे. पण रॉनीचा कोट वांगी होता असं म्हटलं की पुढे काही होत नाही. कोणी मरून म्हणत नाही. आता तो वांगीच होता, आणि त्यात काही मजा नाही.

परवा तांदूळ पाखडायला बसले. गोधडी समोर ठेवली होती, उगीच. ऊन उतरलं, रस्त्यावरचे लोक कामावरून परतले, मी पाखडतच होते. सून आतून आली, जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तांदूळ तं मी केव्हाचे नेले न. काय पाखडून राह्यल्या?"

मी खाली पाहिलं. सूप रिकामं होतं. मी "झालं" म्हटलं, ती आत गेली. हात थांबला नव्हता. मी पण त्याला थांबवलं नाही.